खानेसुमारीतली डोकी, वहीतली माणसं



घराण्याचा इतिहास जपून ठेवण्याच्या वाटा आपल्याकडे जुन्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जावं, गाव आणि आडनाव सांगावं, की ते वही काढून आपल्या खापरपणजोबांचं नाव दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणून दाखवतात. आम्हा मुसलमानांत सय्यद, पीरजादे, इनामदार यांच्या घरी शजरा असतो, म्हणजे वंशावळीचा कागद. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हतं, यात्रेला जाण्याइतकी ऐपत नव्हती, अशा घरांचं काय? दारोदार फिरून कापूस पिंजणाऱ्याची वंशावळ कोण लिहून ठेवणार?

तर ती सरकारनं लिहून ठेवली. तशी इच्छा नसताना ठेवली. सरकारला डोकी मोजायची होती, साथी कुठवर आल्या ते पाहायचं होतं. त्या कामापायी दोन प्रकारचे कागद तयार झाले. एक जनगणनेचे, जिला आपली आजी ‘खानेसुमारी’ म्हणायची, आणि दुसरे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीचे. या दोन कागदांतून एका साध्या घराचा माग कुठवर लागतो आणि कुठे तुटतो, ते आज सांगायचं आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी. ए. होऊन नोकरी केली आणि मराठीत कविता लिहिल्या. आमचं घर सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं, पिंजाऱ्याचं. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचं, गाद्या-उशांचा दबलेला कापूस पुन्हा फुलवून द्यायचा, हा धंदा. माझे आजोबा हे काम करणारे घरातले शेवटचे. ते १९८९ साली गेले. आपल्या आईविषयी ते एकच वाक्य बोलायचे, “अम्मा मानमोडी में गई.” बस्स. तिचं नाव त्यांना सांगता येत नसे. आई गेली तेव्हा ते तीन-चार वर्षांचे होते. फुफीनं वाढवलं. एवढ्या लहान पोराला आई ही ‘अम्मा’च असते, तिला आणखी एखादं नाव असतं हे त्याला कुठून ठाऊक?

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत दिसला, पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली आणि ती खेड्यापाड्यांत शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माणसं पटापट गेली. देशभरात किती गेली, त्याचा जनगणना खात्याचाच अंदाज सव्वा कोटीच्या घरातला होता. पुढच्या काही अभ्यासकांनी तो आणखी वर नेला. विशेष म्हणजे या तापानं म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीसच्या वयाची, कमावती, लेकुरवाळी माणसं जास्त नेली आणि आपल्या देशात त्यात बायका अधिक होत्या.

आता खानेसुमारी काय सांगते ते पाहू. साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी केलेली पहिली जनगणना १८८१ ची. त्यानंतर दर दहा वर्षांनी ती होत राहिली. तेव्हाची रीत आजच्यापेक्षा वेगळी होती. आधी घरांना नंबर टाकायचे, कच्ची नोंद करून ठेवायची आणि मग ठरलेल्या एका रात्री प्रगणकानं कंदील घेऊन घरोघर जायचं. जो हजर त्याला धरायचं, जो मेला किंवा निघून गेला त्याला खोडायचं. १९११ साली ती रात्र १० मार्चची होती. १९२१ साली १८ मार्चची.

या दोन रात्रींच्या मधे माझी पणजी आहे. १० मार्च १९११ ला ती कुठल्या तरी घरात मोजली गेली असणार, मुलगी म्हणून किंवा नुकती लग्न झालेली सून म्हणून. १८ मार्च १९२१ ला ती मोजायला नव्हती. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५ कोटी २१ लाख माणसं होती, १९२१ साली २५ कोटी १३ लाख. दहा वर्षं सरून देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असं पुन्हा कधी झालेलं नाही. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत १९२१ ला मोठ्या दुभाजकाचं साल म्हणतात. त्या घटीत माझ्या पणजीचं एक डोकं आहे. पण ते कोणतं, हे जनगणना सांगत नाही.

पुष्कळांना वाटतं, दिल्लीत कुठे तरी आपल्या आजोबा-पणजोबांचे जनगणनेचे कागद ठेवले असतील, अर्ज केला की मिळतील. इंग्लंड-अमेरिकेत तसं आहे. इंग्लंडात शंभर वर्षं उलटल्यावर घरटी नोंदी खुल्या करतात. १९२१ च्या नोंदी जानेवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची, तिथे १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये लोकांना पाहायला मिळाली. तिकडची माणसं संगणकापुढे बसून पणजीचं नाव, वय, शेजारी कोण राहत होतं, सारं पाहतात. आपल्याकडे ब्रिटिश काळातल्या चिठ्ठ्यांवरून तक्ते झाले आणि चिठ्ठ्या जपल्या गेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंद कोणाला पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्यालाही कारण आहे. आपली माहिती उद्या कर आकारायला किंवा खटला भरायला वापरली जाणार नाही, हा भरवसा असल्याशिवाय माणूस खरं सांगत नाही.

मग घराण्याच्या शोधात जनगणना निरुपयोगी का? तसंही नाही. ती माणूस दाखवत नाही, पण माणसाच्या भोवतालचा उजेड दाखवते. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत जातवार तक्ते आहेत. कोणत्या जिल्ह्यात पिंजारी किती, त्यांतले किती पिंजायचं काम करत होते आणि किती जण शेतमजुरीला किंवा गिरणीत गेले होते, हे त्यांवरून कळतं. सोलापुरात कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. पिंजाऱ्याच्या पोटावर कधीपासून पाय येत गेला, ते या आकड्यांत दिसतं. १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याच्या जनगणना हस्तपुस्तिका निघाल्या. त्यांत गावागावाची लोकसंख्या आहे. आपलं गाव शंभर उंबऱ्यांचं होतं की हजार, हे कळलं तर घरात ऐकलेल्या गोष्टी तपासून घेता येतात.

एक गंमतही सांगतो. जुन्या जनगणनांचे वयाचे तक्ते पाहिले, तर २०, २५, ३०, ४०, ५० या वयांची माणसं भरमसाट आणि २९ किंवा ४१ ची फारच थोडी. याचा अर्थ त्या वयाची माणसं नव्हती असा नाही. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे. प्रगणक अंदाज करी आणि अंदाज शून्यावर किंवा पाचावर जाऊन बसे. म्हणून जुन्या कागदावर ‘वय २५’ दिसलं तर ते बावीसही असेल, अठ्ठावीसही असेल. हे ज्याला ठाऊक नाही, तो ‘साल जुळत नाही’ म्हणून आपलाच माणूस नाकारून बसतो.

आता दुसरा कागद, मृत्यूची वही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १८८६ साली झाला, पण तो ऐच्छिक नोंदणीचा होता. खेड्यापाड्यांत मुलकी आणि पोलिस खात्यांच्या हुकमानं वेगळी वही ठेवली जाई. गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची खबर कोतवाल आणायचा आणि पाटील-कुलकर्णी ती लिहायचे. म्हणून लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. सरकारी भाषेत तो गाव नमुना नंबर १४. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, स्त्री की पुरुष, वय आणि मृत्यूचं कारण, असे तिचे रकाने. कारणांच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि ज्याला काहीच नाव देता येत नाही त्यासाठी ‘ताप’.

या वहीपर्यंत मी गेलो तो पणजीच्या ओढीनं नव्हे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला प्रवेशासाठी जात-वैधता हवी होती. महाराष्ट्रात पिंजारी, नदाफ, मन्सुरी हे इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण ते सिद्ध करायला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद लागतो. घरातल्या जुन्या दाखल्यांवर जातीच्या जागी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. शाळामास्तरांनी विचारलं असेल, ‘कोण?’ आमच्या माणसानं सांगितलं असेल, ‘मुसलमान.’ दोघांचंही काम भागलं. तीन पिढ्यांनंतर पोरीचं अडलं. ती म्हणाली, “बडे अब्बा, आपण कापूस पिंजत होतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, मग कागदाला कसं माहीत नाही?” तिच्या या प्रश्नापायी मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लागलो.

जुन्या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. कापडात बांधलेल्या त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात. अर्ज द्यायचा, शोध-फी भरायची, गावाचं नाव आणि अदमासे साल सांगायचं. रुमाल सुटतो तेव्हा आधी धूळ उडते, मग वाळवीनं केलेली जाळी दिसते आणि मग अक्षरं. आमच्या भागात त्या काळातली अक्षरं मोडी. ओळखीचे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात, ते सोबत आले. वयाच्या ऐंशीव्या वर्षी भिंग घेऊन ते तीन दिवस माझ्याबरोबर बसले. “शायर, तुम्ही गझल वाचा, मी हे वाचतो,” म्हणायचे.

नवी नोंद हवी होती, पण हाताशी १९१८ ची वही आली आणि मला आजोबांचं वाक्य आठवलं. गुरुजींना म्हटलं, हीही पाहू. एरवी त्या वहीत महिन्याला दोन-तीन मृत्यू. ऑक्टोबर लागला आणि नोंदी संपेचनात. एका दिवसाला चार, पाच. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्यानं ‘ताप’ लिहायचंही सोडून नुसत्या खुणा केल्या होत्या. महिन्याच्या मधेच अक्षर बदललं. आधीचा लिहिणारा आजारी पडला की गेला, ते वही सांगत नाही. त्या दिवसांत देशात ठिकठिकाणी नोंदणी कोलमडली होती, कारण नोंद करणारेही त्याच तापात होते. म्हणजे वहीत आहेत त्यापेक्षा गेलेली माणसं जास्तच.

गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. माझ्या पणजोबांचं नाव त्यांनी वाचलं आणि त्याच्याआधी दोन शब्द: ‘बायको, कोम’. पुढे जात पिंजारी, वय २५, ताप.

हा ‘कोम’ शब्द जुन्या मराठी दस्तऐवजांत सतत येतो. पुरुषाच्या नावापुढे हिंदू असेल तर ‘बिन’, मुसलमान असेल तर ‘वलद’, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’, म्हणजे अमक्याची बायको. अरबीतला ‘कौम’ मराठीच्या कचेरीत येऊन बायकोच्या मागे उभा राहिला. नवशिक्या माणसाला तो जातीचा उल्लेख वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. या ‘कोम’च्या आधी बाईचं नाव यायला हवं. आमच्या ओळीत तिथे ‘बायको’ एवढंच होतं.

गुरुजींनी भिंग पुढच्या ओळीवर सरकवलं आणि काही बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “हीसुद्धा तुमचीच दिसते.” चार दिवसांनंतरची तारीख. तेच पणजोबा, तीच जात. ‘मुलगी, वय दिवस ९.’ तीही नाव नसलेली. मुलगी नऊ दिवसांची आणि आई चार दिवस आधी गेलेली, म्हणजे पणजी ओली बाळंतीण होती. आजोबांना एक बहीण होती. ते पंचाहत्तर वर्षं जगले आणि त्यांना हे कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल तर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आमच्या कब्रस्तानात तेव्हाच्या कबरी मातीच्या. दोन-चार पावसाळ्यांत जमिनीला मिळालेल्या. त्या बाळाची या जगात उरलेली एकमेव खूण म्हणजे ती ओळ.

पुतणीचं काम झालं, हे सांगायला हवं. ‘पिंजारी’ हा शब्द हाती लागला, पुढच्या पिढ्यांच्या नोंदी जोडत आणल्या आणि तिचा प्रवेश झाला. पण मला आता पणजीचं नाव हवं होतं.

तिचं माहेर सीमेपलीकडचं. सीमा म्हणजे तेव्हाची. आमच्या गावापासून बैलगाडीनं दिवसभराच्या अंतरावर निजामाचा मुलूख सुरू व्हायचा, आजचा धाराशिव जिल्हा. तिथले कागद उर्दूत आणि साल फसली. ज्यांना मराठवाड्यातले जुने कागद पाहायचे आहेत त्यांनी हा हिशेब लिहून ठेवावा. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, मात्र ते वर्ष ऑक्टोबरात ‘आजूर’ महिन्यानं सुरू होतं. म्हणजे १३२८ फसली हे ऑक्टोबर १९१८ ते ऑक्टोबर १९१९. उर्दू मला अब्बांनी घरी शिकवली होती, ती इथे कामी आली. पणजीच्या माहेरची माणसं सापडली. तिचा भाऊ सापडला. तिथे त्यांची जात ‘नद्दाफ’ लिहिलेली. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. एकाच सोयरिकीतली दोन घरं. एक मोडीत पिंजारी, एक उर्दूत नद्दाफ आणि पुढे देवनागरीत दोघंही मुसलमान. जातीचा पुरावा शोधणाऱ्यांनी एकाच शब्दावर अडून बसू नये, ते यासाठी.

बहिणीचं नाव मात्र तिथेही नव्हतं. भावांची नावं होती. ती लग्न होऊन गेलेली, तिथे लिहिण्याचं कारणच नव्हतं. सासरी गेली म्हणून माहेरच्या वहीत नाही आणि सासरी ती ‘बायको’. मी आणखी वर्षभर शोधलं. नाव मिळालं नाही.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा ठिकठिकाणी असेच रुमाल सुटले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. त्याआधी २०१९-२० च्या हिवाळ्यात, नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा देशभर चालली होती, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या होत्या. म्हाताऱ्या बायका पदराखालून पिवळे पडलेले दाखले काढून मला वाचायला देत होत्या. कोणी गरजेपोटी शोधतं, कोणी भीतीपोटी. निमित्त काहीही असो, रुमाल सुटला की आपलं काम झाल्यावर आणखी चार पानं उलटावीत असं मला वाटतं. ज्या पानात आरक्षणाचा पुरावा आहे, त्याच पानात कोणाची तरी नऊ दिवसांची मुलगी आहे.

शोधाला निघणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सुरुवात कचेरीतून करू नका, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करा. त्यांना साल विचारू नका, घटना विचारा. प्लेगच्या आधी की नंतर, रझाकारांच्या वेळी केवढे होतात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं होतं. मग अंदाजाचं साल घेऊन वहीकडे जा आणि मागेपुढे पाच वर्षं पाहा. मृत्यूची वही सापडली नाही तर तलाठ्याकडचे फेरफार आणि वारसनोंदी पाहा. जमिनीचा तुकडा असेल तर माणूस मेल्यावर त्याचे वारस लिहिले गेलेले असतात. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहा. आणि मिळालेल्या प्रत्येक नोंदीची खरी नक्कल घ्या, कारण वाळवी वाट पाहत नाही.

१९६९ च्या कायद्यानं आता मृत्यूची नोंद सक्तीची आहे. २१ दिवसांत खबर द्यायची, उशीर झाला तर परवानग्या वाढत जातात, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याच कायद्यानं नोंदवहीत शोध घेऊन उतारा मागण्याचा हक्कही दिला आहे. मात्र मृत्यूचं कारण त्या उताऱ्यात देत नाहीत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची पणजी तापानं गेली हे मला कळलं, पण माझ्या पणतूला मी कशानं गेलो ते दाखल्यावरून कळणार नाही. ते घरातच कोणी तरी लिहून ठेवलं पाहिजे.

राहिली नावाची गोष्ट. ब्रिटिश काळातल्या जनगणनेत प्रगणकांना सूचना असे, की बाईचं नाव सांगायला घरचे राजी नसतील तर अडून बसू नये, ‘स्त्री’ एवढं लिहावं. हे परक्या सरकारचं झालं. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीही सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असं सांगितलं होतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की नाव नसेल तर नोंद नाही. त्या वेळी ते कठोर वाटलं असेल. मला मात्र त्यात बायकांविषयी आदरच दिसतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय झाला, तोही मला याच वाटेवरचा वाटतो.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली जनगणना २०२१ मध्ये पहिल्यांदा चुकली, तीही साथीमुळेच. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरवणारी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तिचे आकडे देशाच्या कामाचे. तुमच्या-माझ्या घराच्या कामाची गोष्ट लहान आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईला पुढे येऊ द्यावं आणि तिचं नाव तिलाच सांगू द्यावं. घरात कोणी गेलं आणि नोंद करायला जाल, तेव्हा अर्जावर लिहिलेलं नाव दोनदा वाचून पाहावं. पुकारायचं नाव, लाडाचं नाव, अमक्याची आई, असं काही लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्यावं. बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं असलं, तरी त्याला नाव द्यावं आणि ते लिहून घ्यावं. शंभर वर्षांनी कोणी तरी भिंग घेऊन त्या ओळीवर बोट ठेवणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)